संकटापूर्वीची बेगमी

रोहिणी नक्षत्र सरत आले आणि मृगाची चाहूल लागली, की मराठी घरात एक लगबग सुरू होते. कोकणात कौले शाकारली जातात, लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जातात. देशावर शेतकरी बी-बियाण्याची आणि अवजारांची जुळवाजुळव करतो. घरातली ज्येष्ठ स्त्री पापड, कुरडया, सांडगे, लोणची आणि वर्षाचे धान्य डब्याबरण्यांतून भरून ठेवते. या सगळ्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे - बेगमी. पाऊस येणारच, वाटा बंद होणारच, हाताशी काही नसण्याचे दिवस येणारच, हे गृहीत धरून केलेली ही तयारी असते. तिच्यात घबराट नसते, आरडाओरडा नसतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले शहाणपण तेवढे असते. घराची बेगमी इतक्या काटेकोरपणे करणारा हा समाज गाव म्हणून, वस्ती म्हणून, शहर म्हणून संकटाची बेगमी का करीत नाही, हा प्रश्न यंदाचा पावसाळा तोंडावर आला असताना स्वतःला विचारला पाहिजे.

संकटे आपल्याला नवीन नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपी गेलेली किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरातील गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. २००१ च्या प्रजासत्ताकदिनी कच्छ उद्ध्वस्त झाले. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली. त्याच पावसात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले. २०१४ मध्ये माळीण, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण आणि तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. ही यादी वाचताना प्रत्येक नावासरशी काळजात कळ उठते.

या प्रत्येक वेळी समाज धावून गेला, ही गोष्ट अभिमानाची आहे. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून प्रेते उचलून त्यांना सन्मानाने अग्नी देणारे स्वयंसेवक, कच्छच्या थंडीत तंबू उभारणारे तरुण, सांगलीत गुडघाभर चिखलात उतरून अपरिचितांची घरे धुणाऱ्या भगिनी या सर्वांनी आपल्या समाजाची मान उंचावली आहे. सेवेची ही परंपरा आपल्या वाचकांना सांगावी लागत नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी ती स्वतः जगलेली आहे. परंतु अभिमानाच्या या भरात एक अवघड प्रश्न बाजूला पडतो. आपण सर्वांत आधी पोहोचलो, हे खरे. पण आपण पोहोचण्यापूर्वी जे मरण पावले, त्यांतले किती जण वाचू शकले असते? आणि त्यांना वाचविण्यासाठी संकटाच्या आधी, निवांत दिवसांत, आपण काय केले होते?

पहिल्या काही तासांचे गणित निष्ठुर असते. माळीणचे उदाहरण पाहा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा गावावर आला. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेरच्या जगाला कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. तळीयेला २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, तेव्हा महाड शहरच पुराने वेढलेले होते. रस्ते पाण्याखाली आणि दरडींखाली गेले होते. बचावपथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. इर्शाळवाडीला तर गाडीरस्ताच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री धो धो पावसात आणि काळोखात बचावपथकांना डोंगराची पायवाट चढून जावे लागले, आणि अवजड यंत्रे वर नेणे अशक्य होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल कितीही कुशल असले, त्याचे जवान कितीही शूर असले, तरी पुण्याजवळच्या तळावरून सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीपर्यंतचे अंतर कापायला वेळ लागतोच. त्या वेळात ढिगाऱ्याखालचा हात पकडणारा माणूस एकच असतो - शेजारी. म्हणून आपत्ती व्यवस्थापनाचा खरा प्रश्न असा विचारायला हवा : त्या शेजाऱ्याला काय करायचे हे ठाऊक आहे का? त्याच्याजवळ दोरखंड, पहार, विजेरी आहे का? रक्तस्राव कसा थांबवायचा, बेशुद्ध माणसाला कसे उचलायचे, हे त्याला कुणी शिकवले आहे का?

इर्शाळवाडीने आणखी एक धडा दिला. दरडप्रवण म्हणून शासनाने नोंदविलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे तेव्हा शासनानेच सांगितले. याचा अर्थ, सरकारी यादी ही सुरक्षिततेची हमी नव्हे. भूवैज्ञानिक प्रत्येक वाडीच्या माथ्यावर दर आठवड्याला जाऊ शकत नाही. गुराखी मात्र रोज जातो. डोंगर कोसळण्यापूर्वी पुष्कळदा काही खुणा देतो. उतारावर नव्या भेगा पडतात, सरळ उभी झाडे व खांब कलतात, वाहता झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, नसलेल्या जागी पाणी फुटते, घरांच्या भिंती व जोती तडकतात, दारे चौकटीत अडकू लागतात. या खुणा गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असल्या पाहिजेत. त्या दिसल्या की त्याच रात्री वाडी खाली उतरविण्याचा निर्णय घेण्याचे बळ गावाजवळ असले पाहिजे. तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहत बसण्याइतका वेळ डोंगर देत नाही.

पण 'उतरा' म्हटले की माणसे उतरतात, असा भ्रमही नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी काय घडले? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानला जातो. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. त्या पुराची खूण घराघरांच्या भिंतींवर आणि लोकांच्या मनात पक्की बसली होती. 'त्या वेळी पाणी या पायरीपर्यंत आले होते, आता याच्या वर कुठले येणार?' या भरवशावर अनेक कुटुंबे घरात थांबली. पाणी ५७ फुटांवर गेले. आठवण ही एरवी माणसाला सावध करते. येथे तिनेच घात केला. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची मर्यादा नसते, हे या घटनेने शिकवले आहे.

माणसे थांबली त्याचे आणखी एक कारण होते - जनावरे. गोठ्यात चार म्हशी आणि दोन बैल असलेला शेतकरी स्वतःचा जीव घेऊन निघत नाही, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. ती जनावरे म्हणजे त्याचा संसार आहे. मग तयारीत जनावरांसाठी उंचावरचे माळरान, छावणीची जागा, चारा आणि पाणी आधी ठरलेले हवे. दारात रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली उभा हवा. आणि काहीच शक्य नसेल, तर निदान दावी सोडून जायचे हे प्रत्येकाला ठाऊक हवे. बांधलेले जनावर बुडते, मोकळे जनावर पुष्कळदा तरून जाते. दुसरी धास्ती चोरीची. मागे राहिलेल्या घरांवर पहारा कोण देणार, हे गावाने आधी ठरवले, तर निम्मी घरे न सांगता रिकामी होतील. लोक का हलत नाहीत याचा विचार न करता केवळ भोंगा वाजविणारे प्रशासन आणि केवळ आग्रह करणारे कार्यकर्ते, दोघेही अपुरे पडतात.

त्याच महापुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली ग्रामपंचायतीची बोट उलटली आणि दहाहून अधिक जीव गेले; त्यांत स्त्रिया व मुले होती. बोट होती, ती चालविणारे होते, मदतीची इच्छा होती. परंतु बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. साधन आणि सद्भावना यांच्यामध्ये जी शिस्त लागते, ती सरावावाचून येत नाही. बोटीत किती जण बसायचे, पहिल्या फेरीत कोण, दुसरीत कोण, 'आता बस' हे कोण म्हणणार आणि त्याचे कोण ऐकणार, हे पाणी छातीपर्यंत आल्यावर ठरत नसते.

यावर कोणी म्हणेल, निसर्गापुढे माणसाचे काय चालते? दैवात असेल ते होणारच. आपल्या परंपरेने दैव मानले आहे, पण दैवाच्या बरोबरीने पुरुषप्रयत्नही मानला आहे. प्रयत्न केल्यावर काय घडते, याचे उदाहरण ओडिशाने दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभे केले, किनाऱ्यावर पक्की निवारागृहे बांधली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावागावांत तरुण-तरुणींची पथके शिकवून तयार केली. सूचना देणारे कोण, वृद्धांना उचलून आणणारे कोण, निवाऱ्यात स्वयंपाक करणारे कोण, हे नावानिशी ठरले. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फायलिन वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक वेळेत हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. २०१९ च्या मे महिन्यातील फनी वादळात बारा लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित जागी नेले. वादळे तशीच प्रचंड होती. बदलली होती ती गावे. २०२० मध्ये ओडिशाच्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना त्सुनामीसाठी सज्ज गावे म्हणून युनेस्कोच्या आयोगाची मान्यता मिळाली. श्रीमंत देशांतील नगरांना हेवा वाटावा, असे काम आपल्या देशातील कोळ्यांच्या वस्त्यांनी करून दाखविले आहे.

पुद्दुचेरीजवळच्या नल्लवाडू या कोळी गावाची कथाही सांगण्याजोगी आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने तेथे एक ग्राम ज्ञान केंद्र सुरू केले होते. मासेमारीला निघणाऱ्यांसाठी लाटांच्या उंचीची माहिती त्या केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून सांगितली जात असे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सिंगापूरला नोकरी करणाऱ्या त्या गावच्या एका तरुणाने दूरचित्रवाणीवर त्सुनामीची बातमी पाहिली आणि गावात दूरध्वनी केला. ध्वनिक्षेपकावरून लगेच सूचना गेली, गाव किनाऱ्यापासून दूर पळाले. घरे आणि होड्या गेल्या. पण गावातील सुमारे साडेतीन हजार माणसे वाचली. रोजच्या वापरातला, गावाच्या कानांना सवयीचा झालेला भोंगा ऐनवेळी कामाला आला. आपत्तीसाठी म्हणून आणलेले आणि खोलीत कुलूपबंद ठेवलेले यंत्र ऐनवेळी किल्लीवाचून अडते, हा अनुभव आपल्याकडे किती ठिकाणी येतो!

हे सारे परक्या मुलखातून शिकण्याचीही गरज नाही. हिंदवी स्वराज्याच्या राज्यकारभाराचा वारसा सांगणारे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडून पाहावे. गडावर पाण्याचा झरा आहे, तो पुरतोही आहे, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, असे ते बजावते. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून टाकी खोदून पाण्याचा साठा वेगळा राखावा, असे सांगते. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, याचाही विचार त्यात आहे. शत्रू दारात आल्यावर टाके खोदता येत नाही, हे ज्यांनी जाणले त्यांनीच बलाढ्य सत्तांशी झुंज दिली. गडकोटांचा अभिमान बाळगणाऱ्या पिढीने ही दूरदृष्टीही वारशात घेतली पाहिजे. नाहीतर आपण दरवर्षी बैल गेला आणि झोपा केला या म्हणीचे उदाहरण तेवढे होऊन राहू.

शासनाची जबाबदारी यातून सुटत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २००५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे झाली. जिल्ह्याचे प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाचीही तरतूद झाली. 'आपदा मित्र' योजनेतून नागरिकांना प्रशिक्षण देण्याचे काम सुरू झाले. कागदावर रचना चांगली आहे. परंतु ग्रामपंचायतीच्या कपाटातील आराखडा उघडला, तर त्यात बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि शेजारच्या गावाच्या आराखड्याची नक्कल सापडावी, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखायची आणि मग त्याच रेषेच्या आत इमारतींना परवानगी द्यायची, डोंगराचा पायथा यंत्राने खरवडायचा आणि मग दरड कोसळली की निसर्गाला दोष द्यायचा, हा खेळ थांबला पाहिजे. सज्ज समाज शासनाला जाब विचारू शकतो. आपल्या गावाचा आराखडा वाचलेल्या ग्रामसभेला कोणी फसवू शकत नाही.

आता करायचे काय? भव्य योजना, मोठा निधी यांवाचून गाव आणि वस्ती पातळीवर तीन कामे या पावसाळ्यापूर्वी होऊ शकतात - यादी, नकाशा आणि सराव.

पहिले काम यादीचे. गावात अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे राहणारे वृद्ध कोण, नववा महिना लागलेल्या स्त्रिया कोणत्या, अंध-अपंग कोण, नियमित औषधे किंवा डायलिसिस लागणारे कोण, याची घरनिहाय नोंद हवी. त्यापुढे लिहिलेले हवे, की यांना उचलून आणण्याची जबाबदारी कोणत्या दोघांची. दुसऱ्या पानावर गावाची शक्ती : पट्टीचे पोहणारे, निवृत्त सैनिक, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, वायरमन, ट्रॅक्टर, जेसीबी आणि जनित्राचे मालक, सर्पमित्र. ही यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात असावी, पण कागदावरही असावी. संकटात पहिला बळी मनोऱ्याचा आणि विजेचा जातो. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येक घराच्या दारामागे लिहिलेले असावेत.

ही यादी करताना एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. गावाची यादी गावठाणात संपता कामा नये. नदीकाठच्या पालांवरचे भटके-विमुक्त बांधव, उसाच्या फडावर खोप्या घालून राहिलेली तोडकऱ्यांची कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, डोंगरावरच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, गावकुसाबाहेरची वस्ती, परप्रांतातून आलेले कामगार ही माणसे सर्वांत धोक्याच्या जागी राहतात आणि मतदारयादीत पुष्कळदा नसतात. पाणी जात विचारून घरात शिरत नाही, आणि मदत करणाऱ्याने जात वा पंथ विचारायचा नसतो. समरसता या शब्दाचा अर्थ व्यासपीठावर सांगणे सोपे आहे. पुराच्या पहिल्या फेरीत बोटीत कोण बसते, यावर त्याची परीक्षा होते.

दुसरे काम नकाशाचे. गावच्या तरुणांनी आणि जुन्या जाणत्यांनी एकत्र बसून तो काढावा. १९६१, २००५, २०१९, २०२१ असे ज्या ज्या वर्षी पाणी जेथवर आले, त्या खुणा भिंतींवर रंगवाव्यात आणि त्यांच्या वर आणखी पाच-सहा फूट धरून नियोजन करावे. उंचावरची शाळा, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर यांतली निवाऱ्याची जागा ठरवावी. तिची किल्ली दोन वेगवेगळ्या घरी असावी. पिण्याच्या पाण्याची विहीर, पर्यायी वाट, बंद करावयाचा रोहित्राचा खटका, हेलिकॉप्टर उतरू शकेल असे मैदान हे सर्व त्यावर यावे.

तिसरे काम सरावाचे, आणि हेच आपण टाळतो. वर्षातून दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, भोंगा वाजवून सबंध गाव निवाऱ्यापर्यंत नेऊन पाहावे. किती मिनिटे लागली, कोण मागे राहिले, कोणता बल्ब नव्हता, हे लिहून काढावे. सरावात पहिल्यांदा हसू होते, गोंधळ होतो, होऊ द्यावा. सरावात झालेला गोंधळ फुकटात मिळतो. त्याच सरावात प्रथमोपचार यावेत : हृदय बंद पडल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरकस दाब देणे, सर्पदंशावर चिरा न देता, घट्ट आवळून न बांधता, रुग्णाला न चालविता रुग्णालयात नेणे, पूर ओसरल्यावर पाणी उकळून व निर्जंतुक करून पिणे, ताप आला तर तो अंगावर न काढणे. २६ जुलैनंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने जे जीव गेले, ते पाणी ओसरल्यानंतर गेले, हे विसरता येत नाही. आणि मराठवाडा-विदर्भातील शेतकरी बांधवांसाठी तर विजेपासूनचा बचाव हाच पहिला धडा हवा. कडकडाट सुरू झाला की झाडाखालचा आडोसा हा आसरा नसून धोका आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. गावातल्या एकाने ते पाहून शिवारात हाक दिली, तरी जीव वाचतील.

शहरी, मध्यमवर्गीय वाचकांनी हे सर्व खेड्यापाड्यांपुरते आहे, असे समजू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. एकाच शहराचे एक टोक बुडत असताना दुसऱ्या टोकाला त्याची कल्पना नव्हती. आपल्या गृहनिर्माण संस्थेचा जिना आज जरा डोळसपणे उतरून पाहावा. वळणावर कुंड्या, सायकली आणि जुनी कपाटे. गच्चीच्या दाराला कुलूप. अग्निशामक नळकांड्यावरची मुदत उलटलेली. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा यंत्रणेची तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे लागते, हे किती संस्थांच्या कार्यकारिणीला माहीत आहे? वार्षिक सभेत रंगकामावर दोन तास वाद घालणाऱ्या सभासदांनी आगीच्या सरावासाठी वीस मिनिटे दिली, तर ती वाया जाणार नाहीत. घरात एक पिशवी तयार असावी : विजेरी, शिट्टी, आठवड्याची औषधे, चणे-गूळ, पाणी, कागदपत्रांच्या प्रती आणि थोडी रोख रक्कम.

गर्दी हीदेखील आपत्तीच आहे. २००३ मध्ये नाशिकच्या सिंहस्थात आणि २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीने भाविकांचे बळी घेतले. मांढरदेवीला तर सुमारे तीनशे जण गेले. श्रद्धेच्या वाटेवर असा मृत्यू यावा, याहून दुःखद काय? उपाय मात्र आपल्याच परंपरेत आहे. पंढरीच्या वाटेवर लाखोंचा समुदाय चालतो, प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की अवघा तळ निःशब्द होतो. ही शिस्त पोलिसांच्या काठीने आलेली नाही. आपल्या यात्रा समित्यांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी ती उचलावी. मंडळांकडे मनुष्यबळ आहे, ध्वनिक्षेपक आहे, वस्तीची खडान्‌खडा माहिती आहे. दहा दिवसांतील एक संध्याकाळ त्यांनी अग्निशमन दलाच्या प्रात्यक्षिकाला आणि प्रथमोपचाराला दिली, तर उत्सवाला सार्वजनिक स्वरूप देण्यामागचा लोकमान्यांचा हेतू आजच्या काळात सार्थ होईल.

या कामात मातृशक्तीला दुय्यम स्थान देऊन चालणार नाही. किल्लारीच्या भूकंपात माणसे मारली ती जाड दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या जड छपरांनी. पुढे घरे सावरताना शेकडो गावांत महिला मंडळातील स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून काम केले. भिंतीत आरपार जोडदगड बसतो आहे की नाही, चौकटीवरचा भूकंपरोधक पट्टा घातला की नाही, हे त्यांनी गवंड्यांना विचारले. ज्या स्त्रिया कालपर्यंत चावडीवर बोलत नव्हत्या, त्या अभियंत्यांशी बोलू लागल्या. घरात कोण कुठे झोपते, शेजारची सून माहेरी गेली आहे की घरात आहे, हे जिला ठाऊक असते, तिच्यावाचून यादी पुरी होणार कशी?

शेवटी चार शब्द आपल्या स्वतःच्या कार्यकर्त्यांसाठी. धावून जाण्यात एक तेज आहे, त्याची नोंद होते, छायाचित्रे येतात. तयारीला यातले काही लाभत नाही. जे घडले नाही त्याची बातमी होत नाही. जो वाचला त्याला आपण वाचलो हे कळतही नाही. यादी अद्ययावत करणे, दोरखंड उन्हात वाळविणे, बॅटरीचे मसाले बदलणे ही कामे रूक्ष आहेत. याउलट, मदतीच्या उत्साहात आपण कधी कधी संकटात भर घालतो. पूरग्रस्तांसाठी म्हणून पाठवलेले जुने कपडे रस्त्याकडेला ढिगाने कुजताना आपण पाहिले आहेत. मदतीच्या वाहनांनी अरुंद रस्ता अडल्यामुळे रुग्णवाहिका थांबलेल्याही पाहिल्या आहेत. काय हवे हे विचारल्यावाचून काही पाठवू नये, प्रशिक्षणावाचून पाण्यात उतरू नये, स्थानिकांना विचारल्यावाचून निर्णय घेऊ नये, हे पथ्य सेवेच्या व्रतातच मोडते. बाहेरून आलेला कार्यकर्ता चार दिवसांनी परततो. गाव तेथेच राहते. म्हणून बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढविण्यापेक्षा गावातच राहणाऱ्यांची सिद्धता वाढविणे, हे अधिक टिकाऊ काम आहे. ज्या वस्तीत आपली शाखा भरते, संस्कारवर्ग चालतो, अभ्यासिका आहे, तेथील किमान दहा तरुण आणि दहा भगिनी आपत्तीसाठी प्रशिक्षित असणे ही आपली स्वतःची किमान कसोटी असावी.

मृगाचा पाऊस येईल. त्याचे आपण नेहमीप्रमाणे आनंदाने स्वागत करू. तोच आपला अन्नदाता आहे. पण तो येण्यापूर्वीच्या या थोड्या दिवसांत एका संध्याकाळी गावच्या पारावर, सोसायटीच्या वाहनतळावर, मंडळाच्या कार्यालयात दहा-पंधरा माणसांनी एक वही घेऊन बसावे आणि पहिल्या पानावर लिहावे : आपल्या गल्लीत आधाराशिवाय घराबाहेर पडू न शकणारे कोण कोण आहेत? ती नावे लिहून होतील, प्रत्येक नावापुढे आणखी दोन नावे लागतील, तेव्हा त्या वस्तीची बेगमी सुरू झाली असे समजावे.